फिर्यादीला उशीर, साक्षीदारांचे बदलते जबाब: जन्मठेप झालेले आरोपी अपिलात का सुटतात?

'जन्मठेप रद्द, आरोपी निर्दोष मुक्त.' अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आली की खालच्या प्रतिक्रिया साधारण ठरलेल्या असतात. कुणी म्हणतं पैसा चालला, कुणी म्हणतं वकील भारी होता, कुणी म्हणतं कायदाच आंधळा आहे. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला तर पुन्हा एकदा घाव बसल्यासारखं वाटतं.

निकालपत्र उघडून वाचलं की वेगळंच चित्र दिसतं. अशा निकालांमध्ये दोन गोष्टी वारंवार येतात. एक, फिर्याद उशिरा नोंदली गेली आणि त्या उशिराचं कारण कुणी सांगितलं नाही. दोन, साक्षीदार आधी एक बोलला, नंतर दुसरं. या दोन्ही गोष्टी गुन्ह्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत घडतात. त्यांचा हिशेब मात्र अपिलात, अनेक वर्षांनी होतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या खटल्याच्या वाटेनं गेलं तर हे नेमकं कसं घडतं ते समजायला सोपं जातं.

धाराशिवचा खटला कुठे कुठे जातो?

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. यातल्या कुठल्याही गावात खून झाला तर सुरुवात होते ती संबंधित पोलीस ठाण्यात, म्हणजे फिर्याद आणि पंचनाम्यापासून. तपास संपला की दोषारोपपत्र दाखल होतं आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहतात, उलटतपासणी होते आणि न्यायाधीश त्यांना समोर बघून, ऐकून निकाल देतात.

शिक्षा झाली तर अपील जातं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. हे खंडपीठ १९८१ पासून काम करतं. तिथून पुढे सर्वोच्च न्यायालय. जुन्या निकालांमध्ये जिल्ह्याचं नाव 'उस्मानाबाद' असंच दिसेल, कारण जिल्ह्याच्या नावातला बदल २०२३ मध्ये अधिसूचित झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अपिलात साक्षीदार पुन्हा बोलावले जात नाहीत, अपवाद फार थोडे. खंडपीठासमोर असतात ते कागद: फिर्याद, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, साक्षीदारांचे पोलिसांपुढचे जबाब आणि न्यायालयातल्या साक्षी. साक्षीदार रडला का, घाबरला का, त्याचा आवाज कापला का, यातलं काहीच कागदावर उमटत नाही. तारीख आणि वेळ मात्र उमटते. म्हणूनच अपिलात वेळेला एवढं वजन येतं.

समजा, असं घडलं

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. तुळजापूर तालुक्यातलं एक गाव. बांधाच्या जुन्या वादातून संध्याकाळी सात वाजता हाणामारी होते. एका शेतकऱ्याच्या डोक्याला जबर मार लागतो. घरचे त्याला गाडीत घालून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या सोलापूरला नेतात. रात्री दोन वाजता तो दगावतो.

रुग्णालयातल्या पोलीस चौकीत मृत्यूची नोंद होते. कागद गावाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे यायला दुसरी सकाळ उजाडते. मृताचा भाऊ सोलापुरातच आहे, शवविच्छेदन व्हायचंय, गावात अंत्यविधीची तयारी सुरू आहे. दुपारी चार वाजता तो ठाण्यात येतो आणि फिर्याद देतो. त्यात तीन आरोपींची नावं असतात.

दहा दिवसांनी भाऊ पुरवणी जबाब देतो आणि त्यात आणखी चार नावं येतात. पंचवीस दिवसांनी शेजारच्या रानातला एक माणूस पुढे येतो. 'मी सगळं डोळ्यांनी पाहिलं' असं तो सांगतो.

या सगळ्यात कुणी खोटं बोललंच असेल असं नाही. कदाचित सातही जण तिथे होते. कदाचित शेजारी खरंच घाबरला होता. पण काही वर्षांनी हेच कागद खंडपीठासमोर येतात तेव्हा बचावपक्ष तीन प्रश्न विचारतो. घटना सातची आणि फिर्याद दुसऱ्या दिवशी चारची, मधले २१ तास काय चाललं होतं? भावानं सगळं पाहिलं होतं तर चार नावं पहिल्या दिवशी का नव्हती? आणि शेजारी गावातच राहत होता, पोलीस रोज गावात येत होते, मग तो २५ दिवस गप्प का?

उत्तरं असतीलही. पण ती त्या वेळी कागदावर आली नसतील तर अपिलात ती सांगायला कुणी उरत नाही.

एका खटल्यात तीन घड्याळं

उशीर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते: फिर्याद उशिरा दिली. न्यायालय मात्र तीन वेगवेगळी घड्याळं बघतं.

पहिलं, घटनेपासून फिर्यादीपर्यंतचं. 'थुलिया काली विरुद्ध तामिळनाडू राज्य' या १९७२ च्या खटल्यात पोलीस ठाणं गावापासून अवघ्या दोन मैलांवर होतं, तरी खबर २० तासांहून अधिक उशिरानं दिली गेली. सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. फिर्याद ताजी असते तेव्हा तिच्यात घटना जशी दिसली तशी येते. वेळ गेला की सल्लामसलत होते, तपशील वाढतात, नावं जोडली जातात. ही शंका दूर करायची असेल तर उशिराचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं, हा त्या निकालाचा गाभा.

दुसरं, फिर्यादीपासून दंडाधिकाऱ्यांपर्यंतचं. गंभीर गुन्ह्याची खबर नोंदली की तिचा अहवाल विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ही केवळ औपचारिकता नाही. प्रत न्यायालयात पोचल्याची वेळ नोंदलेली असेल तर 'फिर्याद नंतर लिहून तारीख आधीची टाकली' हा आरोप टिकत नाही. प्रत दोन-तीन दिवसांनी पोचली आणि कारण दिलं नाही, तर त्याच आरोपात जीव येतो.

तिसरं, फिर्यादीपासून साक्षीदाराच्या जबाबापर्यंतचं. इथे महाराष्ट्रातलाच एक निकाल वारंवार उद्धृत होतो: 'गणेश भवन पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य', १९७८. मुंबईतल्या या खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं होतं, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. प्रत्यक्षदर्शींचे जबाब नोंदायला झालेला उशीर एरवी कदाचित खपून गेला असता. पण प्रकरणाला कोणता आकार द्यायचा आणि कुणाला साक्षीदार म्हणून उभं करायचं हे ठरवण्यासाठी तपास अधिकारी वेळ काढत होता की काय, अशी शंका येण्याजोगी परिस्थिती असेल, तर काही तासांचा उशीरही महागात पडतो, असं न्यायालयानं म्हटलं.

एफआयआरमधला दुर्लक्षित रकाना

एफआयआरच्या छापील नमुन्यात आठव्या क्रमांकाचा एक रकाना असतो. तक्रार द्यायला उशीर का झाला, याची कारणं तिथे लिहायची असतात. नमुन्याच्या शेवटी आणखी एक रकाना असतो: प्रत न्यायालयाकडे कधी रवाना केली त्याची तारीख आणि वेळ.

पहिला रकाना फिर्यादीसाठी आणि दुसरा पोलिसांसाठी. दोन्ही नीट भरले तर बचावपक्षाचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. वरच्या काल्पनिक प्रसंगात भावानं त्या रकान्यात 'जखमीला सोलापूरला नेलं, रात्री दोन वाजता मृत्यू, सकाळी शवविच्छेदन, म्हणून ठाण्यात यायला दुपार झाली' एवढं लिहून घेतलं असतं, तरी २१ तासांचं कोडं राहिलं नसतं. रुग्णालयाचे कागद त्याच्या बाजूनं बोलले असते.

म्हणजे उशीर झाला की आरोपी सुटणारच?

अजिबात नाही. हा सोशल मीडियावरचा दुसरा गैरसमज. निव्वळ उशीर झाला म्हणून खटला पडत नाही. उशिराचं कारण न देणं, आणि त्या वेळात काही रचलं गेल्याची खूण कागदावर दिसणं, यामुळे तो पडतो.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत तर न्यायालयं उशिराकडे वेगळ्या नजरेनं बघतात. 'पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग' या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की घराची अब्रू, समाजाची भीती आणि धक्का यांमुळे कुटुंबं पोलिसांकडे जायला वेळ घेतात. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर एवढ्यावरून ती नाकारता येत नाही.

कधीकधी उशीर फिर्यादीचा नसतोच. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईला गुन्हा नोंदवून घेण्यासाठी औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. मृत्यूला तोवर सात महिने झाले होते.

वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं 'ललिता कुमारी' खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजीच सांगून ठेवलंय. तरीही 'आधी अर्ज द्या, चौकशी करू' हे वाक्य ठाण्यात ऐकायला मिळतं. पुढे खटल्यात या अर्जाच्या आणि एफआयआरच्या तारखांमधलं अंतर फिर्यादीच्याच अंगावर येतं. म्हणून पहिल्या अर्जाची पोच जपून ठेवणं महत्त्वाचं ठरतं.

साक्षीदार बेभरवशाचा आहे हे कसं ठरतं?

न्यायालयं यासाठी १९५७ च्या 'वडिवेलू थेवर' खटल्यातली विभागणी आजही वापरतात. पहिला प्रकार, पूर्ण विश्वासार्ह साक्षीदार. अशा एकाच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, कारण कायदा साक्षीदारांची संख्या मोजत नाही. दुसरा प्रकार, पूर्णपणे अविश्वासार्ह. त्याची साक्ष बाजूला ठेवली जाते. तिसरा प्रकार मधला: काही खरं, काही शंकास्पद. त्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. गावखेड्यातल्या मारामारीच्या आणि खुनाच्या खटल्यांत अडचण येते ती या तिसऱ्या प्रकाराची.

नातेवाईक आहे म्हणून साक्षीदार खोटा ठरत नाही. बापाला मारताना मुलानंच पाहिलं असेल तर साक्ष त्याचीच असणार. त्याची साक्ष अधिक काळजीनं तपासली जाते, इतकंच.

अडचण होते ती 'सुधारणे'मुळे. पोलिसांपुढच्या जबाबात साक्षीदार म्हणतो, 'चौघांनी मारहाण केली'. न्यायालयात म्हणतो, 'अमक्यानं कुऱ्हाड घातली, तमक्यानं लोखंडी गज मारला'. हा तपशील पहिल्या जबाबात का नव्हता, असा प्रश्न उलटतपासणीत येतो. तारीख-वेळेत छोटी चूक, अंतराचा अंदाज चुकणं, अशा विसंगती न्यायालयं सोडून देतात. उलट सगळ्या साक्षीदारांनी शब्द न शब्द सारखा सांगितला तर पढवल्याचा संशय येतो. पण कुणी मारलं आणि कशानं मारलं हेच बदललं, तर पाया हलतो.

दुसरी अडचण फितूर साक्षीदारांची. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. त्यामुळे न्यायालयात 'मी असं बोललोच नाही, पोलिसांनी मनानं लिहिलं' म्हणायला वाट मोकळी असते. तो जबाब स्वतः पुरावा ठरत नाही, साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच वापरता येतो. फितूर झालेल्या साक्षीदाराचं सगळं म्हणणं रद्द होत नाही, जे पटतं आणि ज्याला दुजोरा आहे तेवढं घेता येतं. पण बहुतेक साक्षीदार उलटले तर घेण्यासारखं फारसं उरत नाही.

धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात खर्डा इथे २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. राज्यभर मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले होते. गावात राहायचं, त्याच दुकानातून किराणा घ्यायचा, त्याच रस्त्यानं रानात जायचं आणि न्यायालयात गावातल्याच वजनदार माणसाविरुद्ध बोलायचं, हे किती अवघड असतं ते बाहेरच्याला सहज समजत नाही. खटला तीन-चार वर्षं लांबतो तेव्हा दबाव टाकायलाही तेवढीच वर्षं मिळतात.

निर्दोष माणूस फासापर्यंत पोचतो तेव्हा

साक्षीदारांची एवढी चिरफाड कशासाठी, असं वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातला एक खटला बघावा.

५ जून २००३ च्या रात्री एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. एका कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. जखमी आई आणि तिचा मुलगा वाचले. भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं त्यांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली.

मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकलं. तेव्हा जी गोष्ट निर्णायक ठरली ती पहिल्या दोन दिवसांतली होती. वाचलेल्या आईनं पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. तशी नोंदही होती. त्या चौघांचा तपास पुढे नेलाच गेला नाही आणि नंतरच्या ओळख परेडमध्ये हे सहा जण पुढे आले.

५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. राज्य सरकारनं प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत आणि चुकीच्या तपासाला जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश झाला. तोवर त्यांच्या आयुष्यातली जवळपास १६ वर्षं गेली होती. आणि खरे मारेकरी कोण, हा प्रश्न त्या कुटुंबापुढे तसाच राहिला.

ज्या साक्षीदाराचं पहिलं म्हणणं बाजूला सारलं गेलं, ती आई पीडित होती. पहिला जबाब किती मोलाचा असतो याचं याहून कठोर उदाहरण सापडणं कठीण.

शंभर दिवसांनी आठवलेला चेहरा

अलीकडचा मोठा निकाल आहे मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांचा. ११ जुलै २००६ च्या स्फोटांत १८० हून अधिक लोकांचा जीव गेला. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सर्व बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक आरोपी निकालाआधीच मरण पावला होता.

खटल्यातले काही महत्त्वाचे साक्षीदार टॅक्सीचालक होते. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं त्यांनी सांगितलं, पण ते पुढे आले घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी. काही मिनिटांसाठी गाडीत बसलेल्या अनोळखी माणसाचा चेहरा इतक्या दिवसांनी लक्षात राहायला खास कारण लागतं, आणि ते न्यायालयाला दिसलं नाही. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या अधिकारावरही न्यायालयानं प्रश्नचिन्ह लावलं.

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. त्यामुळे या प्रकरणातला शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल.

अपिलात कुणाचं पारडं जड?

शिक्षेविरुद्ध अपील असेल तर उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्यानं तपासतं. वाजवी शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो.

सत्र न्यायालयानं आरोपीला सोडलं असेल आणि सरकार किंवा पीडित कुटुंब अपिलात गेलं असेल, तर चढ अधिक मोठा असतो. आरोपी मुळात निर्दोष मानला जातो आणि त्यावर निकालाचं शिक्कामोर्तब झालेलं असतं. पुराव्यातून दोन्ही अर्थ निघू शकत असतील तर सुटकेचा निकाल सहसा बदलला जात नाही. पीडितांना सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क २००९ च्या अखेरीस मिळाला. अजूनही अनेक कुटुंबांना तो माहीत नसतो.

पण शंका म्हणजे कुठलीही शंका नव्हे. 'शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९७३ च्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही बाजू मांडल्या. आरोपी दोषी 'असू शकतो' आणि दोषी 'असलाच पाहिजे' यांत मोठं अंतर आहे, असं त्यांनी बजावलं. त्याच वेळी, क्षुल्लक शंकेवरून दोषी सुटत राहिले तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो, असंही सांगितलं. त्या खटल्यात आरोपींची शिक्षा कायम राहिली.

नव्या कायद्यांनी काय बदललं?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. या विषयापुरत्या चार गोष्टी महत्त्वाच्या.

• शून्य एफआयआर: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात खबर नोंदवता येते. म्हणजे तुळजापूर तालुक्यातल्या त्या भावाला सोलापुरातही रात्रीच फिर्याद देता आली असती.

• ई-एफआयआर: माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

• दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब: दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायचा आहे. पोलिसांपुढच्या बिनसहीच्या जबाबापेक्षा यावरून उलटणं अवघड जातं.

• चित्रीकरण आणि न्यायवैद्यक तपास: झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. ही शेवटची तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे.

साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये देशभर लागू केली. महाराष्ट्रानं त्याआधी, २०१७ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. कागदावर तरतुदी आहेत. गावातला साक्षीदार त्या मागायला जातो का आणि त्याला त्या सांगतं कोण, हा खरा प्रश्न.

कुटुंबाच्या हातात काय असतं?

संकटाच्या वेळी कुणाला कायद्याची कलमं सुचत नाहीत. तरी काही साध्या गोष्टी पुढे फार कामाला येतात.

• फिर्याद शक्य तितक्या लवकर, जवळच्या ठाण्यात द्यावी. उशीर झालाच तर कारण लिहून घ्यायला सांगावं. दवाखान्याचे कागद, रुग्णवाहिकेची नोंद, फोनवरच्या कॉलची वेळ जपून ठेवावी.

• जे पाहिलं तेच सांगावं. रागाच्या भरात भावकीतली जास्तीची नावं घालू नयेत. चार खोट्या नावांमुळे तीन खरेही सुटू शकतात.

• फिर्याद वाचून, समजून मगच सही करावी. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घ्यावी.

• ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी.

• कुणी पाहिलं असेल तर त्याचं नाव पहिल्याच दिवशी पोलिसांना सांगावं. साक्षीदाराला धमक्या येत असतील तर संरक्षणासाठी लेखी अर्ज करावा.

पुढच्या वेळी 'निर्दोष मुक्त' अशी बातमी ग्रुपवर आली की प्रतिक्रिया टाकण्याआधी निकालपत्रातल्या तीन तारखा शोधाव्यात: घटना कधीची, फिर्याद कधीची आणि मुख्य साक्षीदाराचा पहिला जबाब कधीचा. आरोपी का सुटला, याचं उत्तर बऱ्याचदा त्या तीन तारखांच्या मध्ये असतं.